पिशवी रिकामी, चादर ओली

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी नळी घालून घरी पाठवलं. परवा रात्री नळीच्या कडेने लघवी झिरपून चादर भिजली, पिशवीत मात्र जेमतेम घोटभर. जाड नळी घालायला सांगू का? लघवी कधीकधी गढूळ दिसते, तर ओळखीच्या एक बाई अँटिबायोटिक सुरू करा म्हणतात. बाबा संकोचाने मला स्वच्छता करू देत नाहीत, आणि ती कशी करायची हेही मला नीट माहीत नाही.

उत्तर : जाड नळीचा हट्ट नको. घरोघर जाऊन नळ्या सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. ओली चादर दिसली की मी आधी पांघरूण बाजूला करते आणि पिशवीपासून वरपर्यंत नळीवरून बोट फिरवत जाते. बहुतेक वेळा ती मांडीखाली दबलेली नाहीतर पलंगाच्या कडेला मुडपलेली सापडते. पिशवी उशाशी ठेवलेलीही मी पाहिली आहे! ती कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकायला नको. मग विचारते, पोट कधी साफ झालं? बद्धकोष्ठ असला की खडा झालेला मळ नळीवर दाबतो. कधी मूत्राशयच, नळी आत अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी असलेल्या फुग्याभोवती आवळतं आणि लघवी कडेने ढकलतं. तिथे जाड नळीने त्रास वाढू शकतो.

नळी सरळ आहे, पिशवी खाली आहे, तरी दोन-तीन तास थेंब नाही आणि ओटीपोट टणक लागतंय, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. सिरिंजने पाणी मारून नळी मोकळी करायचा प्रयोग घरी नको. नळी ओढायची तर मुळीच नाही, आत फुगा आहे.

तो फुगा साधारण १० मिलीचा असतो. २ लिटरची पिशवी भरली की सुमारे दोन किलो वजन लोंबतं, आणि नळी मांडीला बांधलेली नसेल तर सगळा ताण त्या फुग्यावर येतो. म्हणून नळी मांडीला पट्टीने बांधा, पाय हलवला तरी ताणणार नाही इतकी सैल ठेवून. पिशवी दोन-तृतीयांश भरली की खालच्या तोटीतून रिकामी करा. तोटी भांड्याला टेकू देऊ नका. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडायचा नाही. जंतू आत जायचा तो एक मोठा रस्ता.

स्वच्छतेला साबण-पाणी पुरे. डेटॉल, पावडर काही नको. आधी हात धुवा. मग नळी जिथे आत शिरते तिथून बाहेरच्या दिशेने पुसत या, रोज एकदा-दोनदा, आणि शौचानंतरही. पुरुषांत पुढची कातडी मागे घ्यावी लागते आणि झाल्यावर ती आठवणीने परत पुढे आणायची. हे मी ठासून सांगते, कारण नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ते विसरले होते. संध्याकाळपर्यंत एका आजोबांचं टोक सुजून टम्म झालं, कातडी पुढे येईना. डॉक्टरांनी ती बसवली तेव्हाचं त्यांचं कळवळणं अजून ऐकू येतं.

गढूळ लघवीचं म्हणाल, तर नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. बाकी तब्येत ठीक असेल तर नुसत्या गढूळपणावर गोळ्या नकोत. पुढे खऱ्या संसर्गाला त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात. थंडी वाजून ताप, कमरेत वरच्या बाजूला दुखणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं, लघवीत रक्ताच्या गाठी, यांतलं काहीही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. आणि हो, एखाद्या दिवशी पिशवी जांभळी झाली तर दचकू नका. काही जंतूंमुळे तसा रंग चढतो, विशेषतः बद्धकोष्ठ असलेल्यांच्यात. डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढंच.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार म्हणून पाणी मोजून दिलेलं नसेल, तर बाबांना भरपूर पाणी द्या. नळी लॅटेक्सची की सिलिकॉनची, ते कागदावर पाहा. सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते, लॅटेक्सची लवकर बदलावी लागते. पुढच्या भेटीत ‘नळी काढून बघायची का?’ हे तुम्ही आपणहून विचारा. नाही विचारलं की ती नुसतीच राहून जाते.

राहिला संकोच. बाबांचे हात चालत असतील तर साबण, मऊ फडकं आणि हातात धरायचा आरसा त्यांच्याकडे द्या, आणि दाराबाहेर उभे राहून एवढंच विचारा : ‘बाबा, कातडी पुढे आणली ना?’