विनोद लिहिणाऱ्या मुलीने बी.कॉम. सोडावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले चार पानी पत्र आणि सोबत जोडलेले कन्येचे प्रहसन अशा दोन्ही गोष्टी मिळाल्या. आपण एस.टी.मध्ये वाहक आहात, कन्या कोल्हापुरातच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते, महाविद्यालयासाठी ती प्रहसने लिहिते व त्यांत कामही करते, आणि आता तिला शिक्षण अर्धवट सोडून मुंबई गाठायची आहे. कारण तेथील एका अभिनय वर्गाने दीड लाख रुपये शुल्क घेऊन तीन महिन्यांनंतर दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमात काम देण्याची हमी दिली आहे, असे आपण कळवले आहे. हे पैसे भरावेत का, पदवी सोडू द्यावी का आणि या कामावर पुढे तिचे पोट भरेल का, हे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाला फार शब्द खर्च करायला नकोत. पैसे भरू नयेत. अभिनय शिकवण्याचे शुल्क घेणे यात गैर काही नाही. मात्र कामाची हमी देऊन जो पैसे मागतो, त्याच्या हातात काम नसते. कलाकार निवडणारी मंडळी चाचणीसाठी पैसे घेत नाहीत आणि मध्यस्थ असला, तर तो काम मिळाल्यावर मानधनातून आपला हिस्सा कापून घेतो. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशाच हमीपोटी दागिने गहाण ठेवले होते. मुलाच्या पदरी पडले ते एक छापील प्रमाणपत्र आणि मोबाईलवर चित्रित केलेले दोन संवाद.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या संपूर्ण पत्रात 'अभिनय' हा शब्द पुनःपुन्हा येतो आणि लेखनाचा उल्लेख 'फावल्या वेळात काहीबाही लिहिते' एवढ्यापुरताच येतो. माझ्या मते गाडी नेमकी येथेच उलटी जुंपली गेली आहे. विनोदी कार्यक्रमात चांगला अभिनय करू शकणारी मुले-मुली मुंबईत हवी तेवढी मिळतात. दर आठवड्याला नवे, बोलताना जिभेवर बसेल आणि दहा-पंधरा मिनिटे तग धरेल असे लिखाण देणारी माणसे मिळत नाहीत. जे दोन्ही करतात, त्यांना तर आपली भूमिका स्वतःच घडवता येते. दिलीप प्रभावळकरांनी 'अनुदिनी' हे सदर स्वतः लिहिले, त्यावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली आणि तीत आबांची भूमिकाही त्यांनीच केली. 2014 साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'चे लेखन, दिग्दर्शन आणि निवेदन ज्यांनी अनेक वर्षे सांभाळले ते निलेश साबळे हे शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर हे प्रहसने लिहितातही आणि त्यांत कामही करतात. ही नावे मी 'असेच आपल्या मुलीचेही होईल' म्हणून देत नाही. लिहिता येणारा नट आणि केवळ नट यांच्या हातात किती वेगवेगळे पत्ते असतात, ते दिसावे म्हणून देतो.

आपल्या पत्रातील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटला. नात्यातल्या एका लग्नात कन्येने आपली, म्हणजे वडिलांचीच, नक्कल केली: सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाशी होणारी हुज्जत, गर्दीतून वाट काढताना खांद्याने दिलेला रेटा, सगळे हुबेहूब. मांडव हसला आणि आपण रागाने बाहेर जाऊन उभे राहिलात. आपला राग मी समजू शकतो. तरीही, तिच्या कलेच्या दृष्टीने पाहिले तर त्या नकलेत एक उणीव होती आणि ती तिने समजून घ्यायला हवी. नक्कल दोन मिनिटांत संपते, कारण नकलेतल्या माणसाला स्वतःचे काही हवे नसते. त्याच वाहकाला शेवटची फेरी वेळेत संपवून मुलीच्या स्नेहसंमेलनाला पोहोचायचे आहे आणि सुट्ट्या पैशांची हुज्जत त्याला ते करू देत नाही, असे ठरवले की नक्कल संपून पात्र सुरू होते. हे ज्याला जमते, तो प्रहसन लिहू शकतो. शिवाय, असे लिहिले असते तर मांडव हसला असताच, पण कदाचित आपणही आतच बसून राहिला असता.

तिचे जोडलेले प्रहसन मी दोनदा वाचले. लग्नाच्या याद्या करण्याची बैठक, दोन्हीकडची मंडळी, मानपानावरून ताणाताणी आणि जावयाच्या नोकरीची फुशारकी मारणारे मामा, असा विषय आहे. तिचे कान तिखट आहेत, हे पहिल्याच पानावर कळते. कोल्हापूरची बोली तिने टाळ्यांसाठी ओढूनताणून आणलेली नाही, ती माणसांच्या तोंडी सहज आली आहे. पण तिसऱ्या पानावर मामा म्हणतात, 'आमचा जावई वॉचमन म्हणून पुण्यात लई मोठ्या कंपनीत कामाला हाय.' येथे हसू येत नाही, आणि ते का येत नाही हे तिला समजले, तर दीड लाख वाचल्यासारखे आहेत. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे हसवणारा शब्द मध्येच अडकतो आणि प्रेक्षक हसायला लागतो तेव्हा नट अजून 'कामाला हाय' म्हणत असतो. तो शब्द ओढून शेवटी न्यावा लागतो. मी तो संवाद असा मांडून पाहिला:

'जावई पुण्यात लई मोठ्या कंपनीत हाय. त्यानं हात केल्याबिगर सायबाची गाडीसुदिक आत जात न्हाई.'
'म्हंजे मॅनेजर काय?'
'वॉचमन.'

यात विनोद नवा नाही, तो तिचाच आहे. फक्त मामांची फुशारकी आधी वर चढू दिली आणि समोरच्याला प्रश्न विचारायला लावला. दुसरे म्हणजे, आता हसू येते ते मामांच्या बढाईचे, वॉचमनच्या नोकरीचे नव्हे. हा फरक तिने आयुष्यभर सांभाळावा. कारण या क्षेत्रात तिला जाडेपणावर, रंगावर, चेहऱ्यावर हसण्याची कामे पहिल्या दिवसापासून देऊ केली जातील आणि त्यातली बरीचशी ती स्त्री आहे म्हणूनच दिली जातील. कोणते काम नाकारायचे हे ठरवण्याचे बळ लिहिणाऱ्याला थोडे अधिक असते, कारण नको त्या ओळीच्या जागी दुसरी ओळ तो उभ्या उभ्या सुचवू शकतो.

पदवीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती पूर्ण करावी. पदवीने विनोद सुधारतो अशी माझी समजूत नाही, पण पुढची चांगली दारे पदवीनंतरच उघडतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी आणि नाटकांतील कामाचा पूर्वानुभव लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील पटकथालेखनाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यविषयक एम.ए. करायचे, तरी पदवी हवीच. आपल्या शिवाजी विद्यापीठातही संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, याची माहिती कोल्हापूरकरांनाच कमी असते, हे मी नेहमी पाहतो. वाणिज्य शाखेचा तिला कंटाळा असेल, पण करारपत्र आणि बिले वाचता येणारा लेखक या व्यवसायात दुर्मीळ आहे.

या उरलेल्या काळात तिला रिकामे बसायचे नाही. विद्यापीठाचा युवा महोत्सव तिने स्नेहसंमेलनाची मोठी आवृत्ती समजू नये. त्यात प्रहसनाला साधारण दहा मिनिटे आणि सहा कलाकार एवढीच मुभा असते, आणि वेळ व माणसे दोन्ही बांधलेली असताना लिहिणे हीच दूरचित्रवाणीची खरी तालीम आहे. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेचे केंद्र कोल्हापुरात असते. तेथे एखाद्या संस्थेबरोबर पडेल ते काम करावे, प्रॉम्प्टिंगसुद्धा, म्हणजे नटाला विसरलेला संवाद आडून सुचवण्याचे काम. दुसऱ्याचे संवाद तालमीत तीस वेळा ऐकल्यावर कोणता शब्द जड होतो ते जसे कळते, तसे वर्गात कळत नाही. ऑगस्ट 2024 मधील आगीत केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा येथल्या हौशी रंगकर्मींचे हक्काचे घरच गेले, तरी तालमी थांबल्या नाहीत, हेही तिने पाहिले असेलच. याच्या जोडीला तिने दर आठवड्याला एक प्रहसन पूर्ण करावे, ते कितीही सुमार वाटो. वर्षाअखेरीस पन्नासांतली आठ-दहा दाखवण्याजोगी निघाली, तरी मुंबईला जाताना तिच्या पिशवीत छायाचित्रांच्या अल्बमपेक्षा वजनदार काहीतरी असेल.

पोट भरण्याचा प्रश्न आपण सर्वांत शेवटी आणि काहीसे संकोचाने विचारला आहे; तो पहिल्यांदा विचारला असता, तरी चालले असते. हे पगारी काम नव्हे. लेखकाला बहुधा भागावर आणि नटाला दिवसावर मानधन ठरते, आणि ते चित्रीकरणानंतर सुमारे तीन महिन्यांनी हाती पडण्याची पद्धत रूढ आहे. कार्यक्रम बंद झाला की उत्पन्न त्याच दिवशी थांबते. म्हणून मुंबईत जाताना सहा ते आठ महिन्यांचे घरभाडे आणि जेवणखाण यांची रक्कम वेगळी ठेवावी, आणि आपण जे दीड लाख रुपये उभे करायला निघाला होता, ते याच कामी ठेवावेत. सुरुवात बहुधा सहायक लेखक किंवा सहायक दिग्दर्शक म्हणून होते. दैनंदिन मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगवेगळ्या माणसांची कामे असतात, त्यामुळे केवळ संवाद लिहिणाऱ्यालाही तेथे जागा असते. विनोदी कार्यक्रम नसेल, त्या काळात जाहिराती, आकाशवाणी, निवेदनाच्या संहिता यांवर अनेक लेखक दिवस काढतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

कागदपत्रांबाबत एकच गोष्ट सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचे हक्क दुसऱ्याला द्यायचे, तर ते लेखी आणि स्वाक्षरीनेच देता येतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. तेव्हा 'आधी लिहून दे, कागद नंतर करू' असे कोणी म्हटले, तर संहिता पाठवण्यापूर्वी तिची नोंदणी करावी; मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन सदस्य लेखकांसाठी ही सोय चालवते. निदान ई-मेलने पाठवून तारखेचा पुरावा तरी ठेवावा.

मुलीला एकटीला मुंबईत पाठवण्याची आपली काळजी रास्त आहे आणि ती उपदेशाने जाणारी नाही. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर आपण दोघांनी चार दिवस मुंबईत काढावेत, राहण्याची जागा आपण डोळ्यांनी पाहावी आणि चाचणीचा पत्ता कार्यालयाचाच आहे ना, एवढे तिने दर वेळी घरी कळवावे, असे ठरवून घ्या. तोवर मोरेवाडीच्या चित्रनगरीत एखादे चित्रीकरण चालू असेल, तर परवानगी घेऊन तिला पूर्ण दिवस तेथे बसवा. एका दृश्यासाठी चार तास थांबणे तिला झेपते की नाही, हे तिचे तिलाच समजेल.

याद्यांच्या बैठकीचे प्रहसन मी पेन्सिलीने खुणा करून परत पाठवत आहे. शेवटचे दीड पान कापावे, असे मला वाटते. मामांनी टोपी डोक्यावर ठेवली, तेथेच ते संपते. दुसरा खर्डा झाला की अवश्य पाठवावा, फक्त या वेळी कागदाच्या एकाच बाजूला लिहायला सांगा. मागच्या बाजूची शाई पुढे उमटल्याने दोन विनोद मला चाळिशीनेही वाचता आले नाहीत.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर