कुंडीतला अ‍ॅस्परॅगस: पिवळ्या फांद्या, मुळांवरच्या गाठी

प्रश्न: पिसांसारखा अ‍ॅस्परॅगस फर्न खिडकीत ठेवला आहे. रोज पाणी घालूनही पिवळा पडतो, सुयांचा सडा पडतो. शेंडे छाटले, पण फूट येत नाही. (वाचक, पुणे)

उत्तर: शेंडे छाटून उपयोग नाही. नवे कोंब गड्ड्यातून, मातीलगत येतात. पिवळ्या फांद्या बुडापासून कापा. देठांना काटे असतात, हातमोजे घाला. त्या हिरव्या सुया म्हणजे पानांचे काम करणारी बारीक खोडेच. एकदा गळल्या की त्या फांदीवर पुन्हा येत नाहीत.

‘रोज पाणी’ हा पहिला संशयित. फर्न म्हणून चिखल करणारे बरेच भेटतात, पण हे नेचे नव्हेच, शतावरीचे भाऊबंद आहे. वरचा 2-3 सेंटिमीटर थर कोरडा झाला की भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीतले ओतून टाका. माती सतत ओली राहत असेल तर झाड काढून मुळे पाहा. मऊ, तपकिरी, वास मारणारी मुळे कापून 2 भाग माती, 1 भाग कुजलेले शेणखत आणि 1 भाग जाड वाळूत लावा. मुळे टणक असतील तर जागा तपासा: दुपारचे थेट ऊन आणि अंधारा कोपरा, दोन्हींत सुया पिवळ्या पडतात. सकाळचे कोवळे ऊन चालते. उन्हाळ्यात फांद्यांत बारीक जाळी दिसली तर लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) समजा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा.

नवे कोंब दिसेपर्यंत खत नको.

प्रश्न: स्प्रेंगेरी जातीच्या अ‍ॅस्परॅगसची माती कुंडीच्या काठावर आली आहे. मुळांवर पांढऱ्या गाठी आहेत. सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे) का? शतावरी म्हणून वापरता येतील? (वाचक, नागपूर)

उत्तर: टणक, पाणीदार असतील तर त्या झाडाच्या पाण्याच्या साठ्याच्या गाठी. त्यांनीच माती वर ढकलली. उशीर केलात तर प्लॅस्टिकची कुंडी तडकेल. धारदार सुरीने गड्ड्याचे 2-3 भाग करा. प्रत्येकाला कोंब आणि मुळे दोन्ही हवीत. काही गाठी तुटल्या तरी बिघडत नाही. नव्या कुंडीत वर 4-5 सेंटिमीटर जागा सोडा.

औषधाला मात्र मुळीच नको. औषधी शतावरी ही वेगळी जात, अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस. स्प्रेंगेरीची लाल फळे मुलांपासून दूर ठेवा. खाल्ल्यास कुत्र्या-मांजरांनाही उलट्या-जुलाब होतात.