टर्की ब्रेस्ट, स्लो कुकर आणि चमचाभर सावजी मसाला

अगं, टर्की ब्रेस्ट, म्हणजे टर्की पक्ष्याच्या छातीचं मांस, पहिल्यांदाच करून राहिली ना, मग एक आधी ऐक. फ्रोझन तुकडा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नको. विजेवर चालणारं हे भांडं हळूहळू तापतं, आत बर्फ असला की मांस तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतूंचं फावतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेव. बर्फ सुटायला दीड किलोला एक दिवस तरी लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवायचा विचारही नको बाप्पा!

या मांसात चरबी जवळपास नाहीच. आपलं मटण तासभर जास्त राहिलं तरी मऊच होतं. याचा मात्र कोरडा चोथा होतो. माझा पहिला असाच झाला होता, तर्रीत बुडवून कसाबसा संपवला. किलोभर बोनलेस असेल तर 'लो'वर, म्हणजे मंद आचेवर, साधारण चार तासांनी सर्वात जाड भागात थर्मामीटर खुपस. 74 अंश सेल्सिअस दिसले की बंद. घड्याळावर भरवसा नको, थर्मामीटर घेच.

मधेमधे झाकण उघडू नको, गेलेली वाफ भरायला वीसेक मिनिटं जातात. खाली कांद्याच्या जाड चकत्या, पाणी अर्धी वाटी पुरे.

सावजी मसाला मात्र आधी कढईत तेलावर परत. कुकरमध्ये तो भाजला जात नाही, कच्चट लागतो. दगडफूल बेतानं.

वरची कातडी कुरकुरीत होणार नाही, ती आशा सोड. बाहेर काढून पंधरा मिनिटं झाकून ठेव, मग धाग्यांच्या आडवं काप.