सबलेकवर सी-सारखी भाषा उतरवताना: खरी मारामारी पॉइंटरशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोट्या सी-सारख्या भाषेचा पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) तयार आहे, त्याने बनवलेल्या सिंटॅक्स ट्रीवरून थेट सबलेकचा कोड काढताय, बेरीज-वजाबाकी आणि व्हाईल लूप चालतात. पण अ‍ॅरेत किंमत लिहिली की भलतंच काहीतरी पुसलं जातं, आणि रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच हाक मारणारं, फॅक्टोरियल कायमचं गटांगळ्या खातं. मीही हा उद्योग केला आहे आणि याच दोन ठिकाणी आपटलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना सबलेक माहीत नाही त्यांच्यासाठी: या यंत्राला एकच इन्स्ट्रक्शन येते. तीन पत्ते द्यायचे, क, ख, ग. ख मधून क वजा होतो, उत्तर ख मध्येच राहतं, आणि ते शून्य किंवा ऋण असेल तर ग वर उडी. नाहीतर पुढची इन्स्ट्रक्शन. खाली जिथे दोनच पत्ते लिहिलेत तिथे तिसरा म्हणजे पुढच्याच इन्स्ट्रक्शनचा पत्ता समजा. 'शू' हा कायम शून्य ठेवलेला सेल, म्हणजे मेमरीतली एक जागा.

पहिला सल्ला म्हणजे ट्रीवरून थेट सबलेक काढणं आजच बंद करा. मध्ये एक छोटं काल्पनिक यंत्र ठेवा. शिनिचिरो हमाजी यांच्या ईएलव्हीएम या कम्पायलर प्रकल्पात हेच केलंय. सी कोड आधी अगदी दरिद्री अशा मधल्या भाषेत येतो. सहा रजिस्टर (किंमती ठेवायच्या जागा), कॉपी, बेरीज, वजाबाकी, लोड, स्टोअर, तुलना, उड्या, एक अक्षर वाचणं-छापणं. गुणाकारसुद्धा नाही, तो लायब्ररीतलं फंक्शन करतं. त्यानंतर सबलेक असो की ब्रेनफक ही आठच चिन्हांची भाषा, प्रत्येकासाठी फक्त या मूठभर कामांचा अनुवाद लिहायचा. तुमच्याकडेही मग सगळी डोकेदुखी डझनभर मॅक्रोंमध्ये (एकेका कामासाठी इन्स्ट्रक्शनच्या ठरलेल्या साच्यांमध्ये) गोळा होईल, आणि प्रत्येक मॅक्रो वेगळा तपासता येईल.

आता मॅक्रो. क ची किंमत ख मध्ये कॉपी करायची तर चार इन्स्ट्रक्शन:

ख ख
क शू
शू ख
शू शू

पहिलीने ख पुसला, दुसरीने शू मध्ये उणे क आला, तिसरीने ख मध्ये क आला, चौथीने शू पुन्हा साफ. पहिली ओळ काढली की हीच बेरीज. सरळ दिसतं, पण यात एक साप आहे. मी पुढे जाऊन तात्पुरत्या व्हेरिएबलांना एकच सेल वाटून देणारा भाग लिहिला आणि त्यातून 'त = त' अशी निरुपद्रवी कॉपी निघाली. पहिल्याच ओळीत त पुसला गेला, किंमत शून्य. अख्खा रविवार मी लूपच्या अटीत चूक शोधत होतो. त्यामुळे दोन्ही पत्ते सारखे असतील तर मॅक्रोने काहीच काढू नये.

आता तुमच्या अ‍ॅरेकडे येऊ. सबलेकमध्ये 'प मध्ये जो पत्ता आहे त्या ठिकाणची किंमत' म्हणायची, म्हणजे पॉइंटरची, सोयच नाही. त्यामुळे पुढे येणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या आतला आकडा चालत्या गाडीत बदलावा लागतो. वाचताना एकच जागा बदलायची असते, एकूण आठ इन्स्ट्रक्शनमध्ये काम होतं. लिहिताना मात्र तीन जागा. तुमच्या तुकड्यात दोनच बदलल्या आहेत, गडबड तिथेच आहे. व ची किंमत प च्या पत्त्यावर लिहायची तर असं होतं:

च च
छ छ
ज ज
प शू
शू च
शू छ
शू ज
शू शू
[च] [छ]
व शू
शू [ज]
शू शू

चौकटी कंसातले च, छ, ज म्हणजे त्या इन्स्ट्रक्शनमधली पत्त्याची जागा. लक्ष्य सेल आधी पुसायचा असतो, आणि पुसणं म्हणजे स्वतःतून स्वतः वजा करणं. म्हणून तिथे च आणि छ दोन्ही भरावे लागतात. तुम्ही छ विसरलात, त्यामुळे तिथे सुरुवातीला लिहिलेलाच पत्ता राहिला आणि त्या भलत्याच सेलमधून वजाबाकी होत राहिली.

रिकर्शनचा रोग वेगळा आहे. प्रत्येक फंक्शनसाठी परतीचा पत्ता एकाच ठरलेल्या सेलमध्ये ठेवलात, तर दुसरी हाक पहिलीचा पत्ता पुसते. पीडीपी-८ या जुन्या संगणकावर सबरूटीनच्या पहिल्याच शब्दात परतीचा पत्ता लिहिला जायचा, तिथेही हीच अडचण. पत्ता स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा थप्पीवर) ठेवा, आणि परतताना वरच्याच लोड मॅक्रोने तो काढून 'शू शू ग' मधल्या ग च्या जागी भरा. शून्यातून शून्य गेलं की शून्यच, म्हणजे ही उडी बिनशर्त होते.

तुलनेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा खड्डा तोच आहे. १६ बिटांत ३०००० मधून −१०००० वजा केले की ४०००० ऐवजी −२५५३६ मिळतात, आणि मोठी संख्या लहान ठरते. आधी दोघांची चिन्हं पाहा, चिन्हं सारखी असतील तरच वजा करा. शून्य ओळखतानाही सांभाळा. 'क शून्य किंवा ऋण आहे आणि उणे क सुद्धा' हा नियम पुस्तकी वाटतो, पण −३२७६८ चं ऋण पुन्हा −३२७६८ च येतं, म्हणजे तोही शून्य म्हणून खपतो. आधी शून्य किंवा ऋण आहे हे पक्कं करा, मग त्याच्या प्रतीत १ मिळवून पुन्हा पाहा. तरीही शून्य किंवा ऋण राहिला तर मूळ आकडा ऋणच होता.

बिटवाइज अँड (दोन संख्यांचे बिट एकेक करून जुळवणं) वगैरे सध्या सोडा. उजवीकडे शिफ्टही नसल्याने वरचा बिट चिन्हावरून ओळखायचा, संख्या दुप्पट करायची, असं १६ वेळा.

कोणी तुम्हाला मूव्हफस्केटर या फक्त मूव्ह इन्स्ट्रक्शन वापरणाऱ्या कम्पायलरकडे बोट दाखवलं असेल. स्टीफन डोलन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की एक्स८६ या पीसीतल्या प्रोसेसरची मूव्ह (किंमत हलवणारी) इन्स्ट्रक्शन एकटी, जोडीला फक्त प्रोग्राम पुन्हा सुरू करणारी एक उडी घेऊन, पुरेशी आहे. पुढे ख्रिस्तोफर डोमास यांनी त्यावर खरा सी कम्पायलर बांधला, तोच मूव्हफस्केटर. जरूर वाचा, मजा येते. पण तुमच्या कामाला त्याचा उपयोग कमी. तिथे पत्त्यामागून पत्ता वाचायची सोय हार्डवेअरच देतं, अडचण असते ती उड्यांची. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. ओलेग मझोंका यांचा हायर सबलेक हा सी-सारखी भाषा सबलेकमध्ये उतरवणारा कम्पायलर तुमच्या जवळचा, त्याने काढलेला कोड शेजारी ठेवून ताडून पाहा.

तपासायला मधल्या भाषेचा एक बावळट इंटरप्रिटर लिहा. सबलेकचा एम्युलेटर तर दहा ओळींचा असतो. रँडम प्रोग्राम दोन्हींवर चालवा, प्रत्येक मॅक्रोनंतर रजिस्टर जुळतात का आणि शू खरंच शून्य आहे का ते बघा. माझे निम्मे बग त्या शू नेच पकडून दिले.

एवढं करून फॅक्टोरियल पुन्हा चालवा. ७ ला ५०४० आलं की समजा जमलं. ८ ला ऋण आकडा आला तर बग शोधत बसू नका. ४०३२० तुमच्या १६ बिटांत मावतच नाही.