फील्डवर्कचा रिपोर्ट वाचतं कोण, हे आधी विचारा

(वाचकांचे प्रश्न)

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की या सदरात एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या दोन वर्षांच्या मास्टर्स डिग्रीची) पत्रं वाढतात, यावेळी तर इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

मुलीचं बीए झालं. आता एमएसडब्ल्यू करायचं म्हणते. घरात सगळे म्हणतात समाजसेवा शिकायला दोन वर्षं कशाला हवीत, ती तर कोणीही करतं. नोकरी लागते का खरंच? आणि कॉलेज कुठलं बघू?
– एक आई, अंबाजोगाई

ताई, घरात आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा आपण सगळेच करतो, पण म्हणून सलाईन लावायला शेजारणीला बोलवत नाही ना. तसंच आहे हे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरातून एक बाई दोन पोरं घेऊन बाहेर पडली तर तिला आज रात्री कुठे ठेवायचं, पोलिसात काय लिहून द्यायचं, पोरांच्या शाळेचं काय, आणि ती चार दिवसांनी परत त्याच घरी जाते म्हणाली तर तिच्यावर न चिडता काय बोलायचं, हे नुसत्या चांगल्या मनाने येत नाही, शिकावं लागतं. आपल्याकडे हे शिकवायला १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरुवात झाली, सर दोराबजी टाटांच्या नावाने शाळा निघाली, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. म्हणजे कोर्स काही काल-परवाचा नाही.

नोकरीचं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक म्हणून पद असतं (असं हॉस्पिटल तुमच्या गावातच आहे, मुलीला घेऊन एक सकाळ तिथे चौकशी करून या, माझ्या उत्तरापेक्षा ते जास्त कामाचं). कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, १०९८ची चाइल्ड हेल्पलाइन आहे, पोलिसांबरोबर बसून काम करणारा महिला आणि मुलांसाठीचा स्पेशल सेल आहे, हा सेल १९८४ साली टिसनेच मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केला होता आणि नंतर राज्यभर गेला. शिवाय एनजीओ, आणि २०१३च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावे लागतात, तिथेही माणसं लागतात.

पण गोड बोलून फसवत नाही, यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग परत ऑर्डर, मध्येच पगार लांबतो. कायम पदांच्या जाहिराती कमी निघतात आणि त्यासाठी स्पर्धा परीक्षेसारखी तयारी लागते. मुलीला हे माहीत असून जायचं असेल तर अडवू नका.

कॉलेज म्हणाल तर मुंबईत टिस आणि निर्मला निकेतन (१९५५), नागपूरला मातृसेवा संघाचं (१९५८), पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) ही जुनी नावं, टिसचा एक कॅम्पस तुळजापूरला १९८६पासून आहे म्हणजे तुमच्याकडून फार लांब नाही. मात्र नावावर जाऊ नका. जिथे जाल तिथे ऑफिसात नाही, सेकंड इयरच्या मुलांना गाठून विचारा: फील्डवर्कला (संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाला) कुठे पाठवतात, रिपोर्ट कोण वाचतं, वाचून बोलतं का नुसती सही करतं? या उत्तरावर अ‍ॅडमिशन घ्या. बिल्डिंग, प्लेसमेंटचे बोर्ड, वेबसाइट, सगळं नंतर.

फर्स्ट इयर एमएसडब्ल्यू. फील्डवर्कला एका संस्थेत आहे, तिथे दोन महिने मला फक्त एक्सेलमध्ये फॉर्म भरायला बसवलंय. कॉलेजचे सर रिपोर्टवर सही करतात आणि 'चांगलं चाललंय' म्हणतात. मी काहीच शिकत नाहीये असं वाटतं. एजन्सी (फील्डवर्कची संस्था) बदलून मागू का?
– विद्यार्थी, पुणे

बदलून माग, पण लगेच नको. आधी त्या एक्सेलकडे बघ.

तू कसले फॉर्म भरतोयस ते लिहिलं नाहीस, समज वस्तीतल्या घरांचा सर्व्हे आहे. त्यात 'शाळेत जाते का' असा कॉलम असेलच. जिथे 'नाही' लिहिलंय अशी पाच घरं काढ आणि संस्थेतल्या ताईंना किंवा दादांना सांग की मला या पाच घरी होम व्हिजिटला जायचंय, पहिल्या दिवशी तुम्ही बरोबर या. बहुतेक वेळा हो म्हणतात. संस्थेतली माणसं वाईट नसतात, त्यांच्या डोक्यावर फंडरचा (पैसे देणाऱ्याचा) रिपोर्ट असतो, आणि विद्यार्थी आला की कॉम्प्युटर येणारा फुकटचा माणूस मिळाला असं त्यांना वाटतं. त्यांना तुझं काय करायचं हे कॉलेजने सांगितलेलंच नसतं! खरंतर वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजचे सुपरवायझर, संस्थेचे सुपरवायझर आणि तू असं तिघांनी बसून कागदावर ठरवायचं असतं की या टर्ममध्ये दोन-तीन केसेस, एक ग्रुप, वस्तीत एखादा उपक्रम. तो कागद नसेल तर तूच कर, एक पान पुरे, आणि दोघांना दे.

आता घरी गेलास. समज मुलगी तेरा वर्षांची, शाळा सुटलीय, धाकट्या भावाला सांभाळते, आई धुणीभांडी करते. परत येऊन बहुतेक मुलं रिपोर्टमध्ये लिहितात, 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले व समुपदेशन केले.' हे वाक्य मी हजारो रिपोर्टात वाचलंय आणि त्यातून कुणालाही काहीही कळत नाही. आईला शिक्षणाचं महत्त्व माहीत आहे रे, तिला धाकट्याला ठेवायला जागा हवीय. तू असं लिही: दार कोणी उघडलं, तुला बसायला सांगितलं का, तू पहिलं वाक्य काय बोललास, त्यावर आई काय म्हणाली (तिच्या शब्दांत), मुलगी कुठे होती, ती बोलली का आईच बोलत होती, तुला कुठे अवघडल्यासारखं झालं, कुठे राग आला, आणि जे विचारायचं होतं पण जमलं नाही ते. मग शेवटी वस्तीत अंगणवाडी किंवा पाळणाघर कुठे आहे, किती वाजता उघडतं, आईच्या कामाच्या वेळेशी ते जुळतं का.

एवढं लिहिलंस की सरांना नुसती सही करणं अवघड जातं. आठवड्याला वीस मिनिटं वैयक्तिक चर्चेची, तुम्ही मुलं जिला आयसी म्हणता ती, मागून घे. मागताना 'सर गाइड करा' असं मोघम नको, रिपोर्टमधल्या एका परिच्छेदावर पेन्सिलने रेघ मारून ने आणि म्हण की इथे मी गप्प बसलो, मी काय बोलायला हवं होतं. एवढा नेमका प्रश्न आला की शिक्षक जागे होतात, माझा तरी असाच अनुभव आहे. आठवड्याला दोन दिवस, पंधरा तासांच्या आसपास फील्डवर्क असतं, वर्गातल्या कुठल्याही पेपरपेक्षा जास्त वेळ त्यात जातो, मग तो असा एक्सेलमध्ये घालवायचा का?

महिनाभर हे करूनही संस्था फॉर्मच भरायला लावत असेल तर मात्र फील्डवर्क कोऑर्डिनेटरकडे लेखी अर्ज दे, तारीख घालून. तो तुझा हक्क आहे. भांडण म्हणून नको करू, त्याच वस्तीत तुझ्यानंतर ज्युनियर येणार आहेत.

फील्डवर्कची प्लेसमेंट हॉस्पिटलमध्ये आहे. एका पेशंटच्या नातेवाइकांना औषधाला पैसे कमी पडत होते, मी माझ्याकडचे हजार रुपये दिले. सुपरवायझर मॅडम सगळ्यांसमोर रागावल्या. माणुसकी दाखवणं चूक आहे का?
– विद्यार्थिनी, नागपूर

सगळ्यांसमोर रागवायला नको होतं, ते त्यांचं चुकलं. पण मुद्दा त्यांचाच बरोबर आहे.

बघ, त्या वॉर्डात तेव्हा तसे आणखी किती नातेवाईक होते? शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी बघितलं ना तुला पैसे देताना. उद्या त्या मागतील, तू नाही म्हणशील, का नाही म्हणालीस याचं उत्तर तुझ्याकडे नसेल. दुसरं म्हणजे ज्याने तुझे पैसे घेतले तो आता तुला खरं सांगेल का? दारूवर किती जातात, गावाकडे जमीन आहे का, भाऊ मदत का करत नाही, हे तो लपवणार, कारण तू आता त्याची सोशल वर्कर नाहीस, घेणेकरी झालीस. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, हजार रुपये दिले की तुझं मन मोकळं झालं आणि शोध थांबला.

शोध कशाचा ते सांगते. हॉस्पिटल सरकारी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन किंवा उपचार बसतो का, रेशन कार्ड कुठलं, आधारवरचं नाव आणि कार्डवरचं नाव जुळतं का (अर्धी कामं इथेच अडतात), आरोग्यमित्र (योजनेचा हॉस्पिटलातला मदतनीस) कुठल्या खिडकीवर बसतो. हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर धर्मादाय योजना: २००६ साली हायकोर्टाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के निर्धन रुग्णांच्या फंडात टाकावे लागतात. रुग्णाची आर्थिक परिस्थिती तपासायचं काम त्यात कोणाला दिलंय माहितीये? हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला! तुझ्याच खुर्चीला. म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड बघून, घरची हकीकत नीट ऐकून तू जे चार ओळींचं टिपण लिहिशील त्यावर एखाद्याचं लाखाचं बिल माफ होऊ शकतं. तिथे तुझे हजार रुपये कुठे पुरतात.

जे. जे. हॉस्पिटलमध्ये १९४६ साली देशातला पहिला मेडिकल सोशल वर्कर नेमला गेला, तेव्हापासून हा वाद आहे, प्रत्येक बॅचमध्ये एक मुलगी पैसे देते आणि ओरडा खाते. नियमाचं स्तोमही माजवू नको. गावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या म्हातारीला चहा पाजलास तर कोणी तुला नापास करणार नाही, केलं तर मला कळव.

तासिका तत्त्वावर समाजकार्य महाविद्यालयात शिकवतो. मुलं फील्डवर्कचे रिपोर्ट चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. प्रत्येकात 'सर्वांगीण विकास', 'जनजागृती', 'सकारात्मक बदल'. काय करावं?
– सहायक प्राध्यापक, अमरावती जिल्हा

सर, मशीन यायच्या आधी मुलं सीनियरचे बाइंड केलेले रिपोर्ट उतरवून काढायची, त्यातही सर्वांगीण विकासच असायचा. मशीनने फक्त शुद्धलेखन सुधारलं.

चूक रिपोर्टच्या साच्यात आहे असं माझं मत आहे. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यवाही, निष्कर्ष असे मथळे दिले की कुठल्याही गावाचा रिपोर्ट कुठल्याही गावाला चालतो. तुम्ही असं काहीतरी मागा जे तिथे गेल्याशिवाय येत नाही. हाताने काढलेला वस्तीचा नकाशा, त्यात हातपंप, देवळं, कोणाच्या ओट्यावर बाया जमतात ते. बाई वऱ्हाडीत बोलली असेल तर वऱ्हाडीतच लिहा म्हणावं, प्रमाण मराठी करायचं नाही. बसमध्ये परत येताना लिहिलेल्या दहा ओळी, खाडाखोडीसकट. आणि रिपोर्ट हातात घेऊन तोंडी विचारा, 'मग ती काय म्हणाली?' गेलेला मुलगा पाच मिनिटं बोलतो, न गेलेला रिपोर्टकडे बघतो.

एक गोष्ट मात्र कडक ठेवा. मुलं पेशंटचं नाव, आजार, पत्ता सगळं त्या अ‍ॅपमध्ये टाकतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाची, अत्याचार झालेल्या मुलीची हकीकत अशी बाहेर जाऊ द्यायची नसते. बालन्याय कायद्याचं कलम ७४ मुलांची ओळख उघड करायला बंदी घालतं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातही तसंच आहे. पहिल्याच आठवड्यात हे शिकवा.

ग्रामीण शिबिराबद्दलही तुम्ही विचारलंय. प्रभातफेरी, पथनाट्य, झाडं लावणं, समारोपाला सरपंच, बस्स करा आता हे. सात दिवसांत मुलांनी एका गावचं रेशन दुकान, पाण्याची टाकी आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग एवढंच नीट समजून घेतलं तरी खूप झालं.

आणि तुमच्याबद्दल. तासाच्या पैशात रिपोर्ट वाचणं, एजन्सीत भेटी देणं धरलेलं नसतं हे मला ठाऊक आहे. प्राचार्यांकडे सुपरव्हिजनचे तास वर्कलोडमध्ये धरा अशी लेखी मागणी करा, एकट्याने नको, तुमच्यासारखे सगळे मिळून करा. तोवर सगळे रिपोर्ट वरवर बघण्यापेक्षा दर आठवड्याला चार-पाचच पूर्ण वाचा, पाळी लावून.

थोडक्यात

*नोकरी करून इग्नूमधून एमएसडब्ल्यू चालेल का?* (रत्नागिरी) – चालेल, पण त्यातही फील्डवर्क आहे, नुसते असाइनमेंट आणि परीक्षा नाही. सुट्टीच्या दिवशी जाता येईल अशी संस्था आधी शोधा, मग फॉर्म भरा.

*वकिलांसारखं लायसन्स लागतं का?* (सोलापूर) – नाही, समाजकार्याची स्वतंत्र कौन्सिल आपल्याकडे नाही. आरोग्य क्षेत्रातले मेडिकल आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर मात्र २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत आलेत, हॉस्पिटलला जायचं असेल तर तिकडे लक्ष ठेवा.

*एमएसडब्ल्यूवर मानसिक रुग्णालयात काम मिळतं का?* (ठाणे) – काम मिळू शकतं, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर' म्हणजे एमएसडब्ल्यूनंतर त्या विषयात दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल केलेला. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था यासाठी नावाजलेली. एमफिलबद्दल यूजीसीचे नियम बदलतायत, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची नोटीस स्वतः वाचा, एजंटचं ऐकू नका.