टॉक्सिकॉलॉजी करायची म्हणजे आयुष्यभर विष हाताळायचं का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन. तिला पुढे टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषविज्ञान, करायचीय. ‘सासूबाईंच्या तर अंगावर काटा आला. हे क्राइम मालिकांचं खूळ तर नाही ना? आणि नोकरी कुठे मिळणार?’ असं त्या विचारतात.

ताई, सासूबाईंना सांगा, आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अगदतंत्र, म्हणजे विषांचंच शास्त्र आहे. मालिकांची शंका मात्र रास्त आहे. ती फेडायला मुलीला एक जुना खटला वाचायला द्या.

1840 साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज हिच्यावर नवऱ्याला आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, म्हणून पॅरिसहून नामांकित विषतज्ज्ञ ऑर्फिला यांना बोलावलं. हाताशी होती रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांची 1836 ची चाचणी: नमुना जस्त आणि आम्लात घालायचा, निघणारा वायू पेटवून ज्योत चिनी मातीच्या थंड भांड्यावर धरायची. आर्सेनिक असेल तर काळपट, चकचकीत डाग उमटतो. ऑर्फिलांना मृतदेहात आर्सेनिक सापडलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ते शवपेटीभोवतीच्या मातीतून तर आलं नाही ना, आपल्याच रसायनांत तर नव्हतं ना, हेही त्यांनी पडताळलं. वाचून झाल्यावर मुलगी डागाबद्दल बोलते की मातीबद्दल, ते बघा. मातीबद्दल बोलली, म्हणजे आपल्याच निष्कर्षावर शंका घेणं तिला भावलं, तर बिनधास्त पुढे जाऊ द्या.

आणि या शास्त्राचा गाभा ‘विष कोणतं’ हा नसून ‘किती’ हा आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस हा युरोपातला वैद्य हेच सांगून गेला: विषारी नाही असं काही नसतंच, सगळं मात्रेवर ठरतं. तुमच्या घरातल्या पॅरासिटामॉलचंच बघा. प्रौढ माणसाला दिवसाला 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा. गोळी पचवताना यकृतात थोडा विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. गोळ्या फार झाल्या की हा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. औषध तेच, यकृतही तेच.

हे ‘किती’ शोधणं हेच रोजचं काम, आणि खरं सांगू, ते बरंचसं कंटाळवाणं असतं. उंदरांचे गट करायचे, एकाला औषध अजिबात द्यायचं नाही, बाकीच्यांना चढत्या मात्रा. वजनं घ्यायची, रक्त तपासायचं, शेवटी यकृताच्या स्लाइड्स सूक्ष्मदर्शकाखाली. प्रत्येक नोंद तारीख-सहीनिशी. खाडाखोड चालत नाही, चुकलेला आकडा एका रेघेने खोडून बाजूला सही करायची. थॅलिडोमाइड 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आलं आणि 1961 मध्ये मागे घेतलं, तोवर हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. त्यानंतर जगभर औषधांच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. आजच्या बऱ्याच नोकऱ्या अशा नियमांतूनच आल्या आहेत: औषध आणि कीटकनाशक कंपन्या, त्यांच्यासाठी चाचण्या करून देणाऱ्या प्रयोगशाळा.

बाकी, ग्वाल्हेरकरांनी ‘नोकरी कुठे’ विचारावं याची गंमत वाटते. डीआरडीई ही संरक्षण खात्याची संशोधन प्रयोगशाळा तुमच्याच गावात आहे आणि घातक रसायनांपासून बचाव हाच तिचा विषय. लखनौची आयआयटीआर ही तर पूर्णपणे विषविज्ञानाचीच संस्था. दोन्हीकडे संशोधनासाठी जायचं तर एम.एस्सी. आणि नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा, लागेल.

एक गफलत टाळा. नायपर या औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांमधला फार्माकॉलॉजी-टॉक्सिकॉलॉजीचा अभ्यासक्रम मुख्यतः बी.फार्म. करून जीपॅट ही फार्मसीची प्रवेश परीक्षा दिलेल्यांसाठी आहे. तुमच्या मुलीला एम.एस्सी.चा रस्ता जवळचा: बायोकेमिस्ट्री किंवा प्राणिशास्त्र, नाहीतर दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्ये थेट टॉक्सिकॉलॉजी. गुन्हेतपासाचीच ओढ असेल तर सागर विद्यापीठात फोरेन्सिकचा जुना विभाग आहे. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच अर्ज भरा. आणि या सुट्टीत तिला संख्याशास्त्राची उजळणी करायला लावा, प्राणिशास्त्राची मुलं तिथेच अडतात.

शेवटचं तिला तुम्हीच विचारा: उंदरावर प्रयोग करणं तिला जमेल का? नाही म्हणाली तरी दार बंद होत नाही. पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांचं काम वाढतंय, मात्र तसं असेल तर एम.एस्सी.ला बायोकेमिस्ट्रीच घ्यावी.