शिवसेनेने 2007 ला प्रतिभाताईंना मत का दिलं?

प्रश्न असा आहे : 2007 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शिवसेना भाजपच्या आघाडीत, म्हणजे एनडीएत होती, एनडीए भैरोंसिंह शेखावतांच्या मागे उभी होती, मग सेनेची मतं काँग्रेसच्या प्रतिभा पाटलांना कशी गेली? या प्रश्नाला आधी दोघांनी "मराठी म्हणून, विषय संपला" असं उत्तर दिलंय. खोटं नाही, पण अर्धंच आहे.

आधी हे लक्षात घ्या की या निवडणुकीत मतदार म्हणजे निवडून आलेले आमदार आणि खासदार. व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) काढता येत नाही, मतदान गुप्त असतं, पक्षांतरबंदी लागत नाही. आमदाराच्या हातात गुलाबी मतपत्रिका, खासदाराच्या हातात हिरवी. नावासमोर पसंतीचा आकडा टाकायचा, अक्षरात "एक" लिहिलं की मत बाद. त्यामुळे युतीधर्म वगैरे बाहेर बोलायला ठीक, कायद्याने कुणाचेच हात बांधलेले नसतात.

आता हिशोब. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175. ते 1971 च्या लोकसंख्येवर काढतात : 5 कोटी 4 लाखांना 288 ने भागा, मग हजाराने. खासदाराचं तेव्हा 708 होतं. सेनेचे 2004 ला 62 आमदार निवडून आले होते. त्यातले काही पुढे नारायण राणेंबरोबर काँग्रेसमध्ये गेले, पण चला, सगळे धरू. 10,850 झाले. लोकसभेच्या 12 खासदारांचे 8,496. राज्यसभेचे मोजके मिळवले तरी पंचवीस हजारांच्या आतच. आणि निकाल काय लागला? ताईंना 6,38,116, शेखावतांना 3,31,306. तीन लाखांवर फरक! सेनेने उलटं मतदान केलं असतं तरी ताई आरामात आल्या असत्या.

म्हणजे ही मतं दिल्लीसाठी नव्हतीच, ती घरच्यासाठी होती. तारखा बघा. मार्च 2006 मध्ये मनसे निघाली होती, "मराठी" या शब्दावर दुसरा दावेदार दारात उभा होता. जुलै 2007 मध्ये पहिली मराठी राष्ट्रपती होऊ घातलेली असताना सेनेच्या आमदाराने शेखावतांसमोर, म्हणजे राजस्थानच्या माजी मुख्यमंत्र्यासमोर 1 लिहिला असता, तर पुढची दोन वर्षं शाखेशाखेत त्याचा जाब द्यावा लागला असता. (गंमत म्हणजे ताईही सासरच्या शेखावतच, आणि उमेदवारीआधी राज्यपाल होत्या त्या राजस्थानच्याच.) विरोधकांनी ताईंच्या सहकारी संस्थांवरून आरोपांची राळ उठवली, पण आमच्या जळगावकडे ती फारशी कुणी अंगाला लावून घेतली नाही. नाडगावची पोर, 1962 ला सत्ताविशीत आमदार झालेली, पुढे चार वेळा एदलाबादमधून निवडून आलेली. पक्ष नंतर, आधी ती गावची.

पण मराठी माणूस उभा राहिला की मराठी मतं आपोआप पडतात, असं समजू नका. 1969 ला चिंतामणराव देशमुख उभे होते. मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेला माणूस, याहून मोठं मराठी प्रमाणपत्र कोणतं! पण पाठीशी जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष. 1,12,769 मतांवर तिसरे आले. खरी लढत गिरी आणि संजीव रेड्डींची होती, ती दुसऱ्या पसंतीवर सुटली. सेनेचा तेव्हा एकही आमदार नव्हता, पहिला आला तो 1970 ला.

आणि उत्तर अर्धं का म्हणालो, ते 2012 बघा. भाजप संगमांच्या मागे, सेनेने मत दिलं प्रणब मुखर्जींना. प्रणबदा कुठे मराठी होते? मतदानाआधी ते मातोश्रीवरही येऊन गेले. माझ्या मते इथेच खरी गोम आहे. युतीत धाकटा भाऊ होणं बाळासाहेबांना मान्य नव्हतं, आणि "आम्ही तुमच्या खिशात नाही" हे युती न मोडता दाखवायला याहून स्वस्त जागा दुसरी नव्हती. लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर असं केलं असतं तर युती मोडली असती. इथे काही मोडलं नाही, 2007 च्या त्या मतानंतरही 2009 ला दोघं पुन्हा एकत्र लढले.

2022 चं मुर्मूंना दिलेलं मत मात्र याच माळेत ओवू नका. तेव्हा सरकार नुकतंच गेलं होतं, पक्ष फुटला होता आणि उरलेले खासदारच उद्धव ठाकरेंवर दबाव आणत होते. वजन दाखवायची नव्हे, सांभाळायची वेळ होती.

2007 च्या निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सेनेच्या शाखेत पेढे आले होते, काँग्रेसवाल्यांच्या आधी. मी शाखाप्रमुखाला चिडवलं, "भाऊ, सोनियाबाईंचा उमेदवार ना हा?" त्याने पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाला, "तू खा ना भो, कशाला खोलात जातो."